शैलजा मॅडम आहेत का?

काकांनी जेवताना 'मीठ' म्हटलं की आमच्या तीन मजली इमारतीत सगळ्यांना कळायचं, आज त्यांच्याकडे आमटी अळणी झाली. बिबवेवाडीतली आमची सोसायटी जुनी, भिंती पातळ, आणि काकांचा आवाज असा की भिंती जाड असत्या तरी फरक पडला नसता. पोरं त्यांना भोंगा म्हणायची. काकांना ते ठाऊक होतं. एकदा जिन्यात कुणीतरी "भोंगा आला रे" म्हणून पळालं, तर वरूनच उत्तर गेलं, "आला नाही, वाजला!" ते पोरगं त्या संध्याकाळी खेळायला खाली उतरलंच नाही.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. पोळीभाजीचे डबे करून देते, त्यामुळे सकाळपासून दार उघडं, हात पिठात आणि तोंड चालू. माझ्या तोंडात एक शब्द उठता-बसता असायचा. गॅस मेला आत्ताच संपायचा होता, पाऊस मेला उघडत नाही, तो मेला रिक्षावाला मीटरच टाकत नाही. समोरच्या काकूही मला लाडानं तसंच म्हणायच्या, "अगं मेले, तेल किती घातलंस भाजीत!" काकांना मात्र तो शब्द खपायचा नाही. "सुनंदा, जीभ!" एवढंच म्हणायचे, आणि तेही अर्थातच अख्ख्या इमारतीला ऐकू जायचं.

लोकांना वाटायचं, हा आवाज मार्केट यार्डातला. काका तिथे गुळाच्या आडतीवर दिवाणजी होते. हमालांच्या आणि टेंपोंच्या गलक्यात जन्म गेला, आवाज मोठा होणारच, असं सगळे धरून चालायचे. खोटं होतं ते. तिथले एक जुने हमाल पुढे काकांना भेटायला घरी आले होते, ते मला म्हणाले, "दिवाणजींचा आवाज? चढलेला कधी ऐकला न्हाई बघा आम्ही." आवाज आडतीवरचा नव्हता, घरचा होता. काकूंना ऐन चाळिशीत ऐकू येणं कमी होत गेलं, आणि जसजसं ते कमी झालं तसतसा काकांनी आपला आवाज वाढवत नेला.

आणि शब्द कमी करत नेले. मोठ्यानं बोलायचं तर लांबलचक वाक्य परवडत नाही, दम लागतो. म्हणून 'मीठ', 'चहा', 'किल्ली', 'चल'. काकूंना एका शब्दाचा अर्धा भाग ऐकू यायचा, उरलेला त्या आपल्या मनानं भरायच्या. काकांनी एकदा "पंखा!" म्हटलं, तर काकू देवघरातला शंख घेऊन आल्या. मी दारातच होते. काकांनी शंखाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, तो तोंडाला लावला आणि फुंकला. काकू म्हणाल्या, "हां, आता आलं नीट ऐकू." हसता हसता माझ्या हातातलं ताट सांडायचं राहिलं.

मग त्यांचा मुलगा मागे लागला आणि स्वारगेटजवळच्या एका सेंटरमधून काकूंना कानाचं मशीन घेतलं. मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटरवाला, त्यानंच सगळं ठरवलं. काकूंना फोनवर बोलता यायचं नाही म्हणून तिथे त्यांच्या नावापुढे काकांचा मोबाईल नंबर घातला आणि संमतीची सही काकूंनी केली. मशीन कानात घालून काकू घरी आल्या, काकांनी दारातूनच "चहा!" म्हटलं, आणि काकू दचकून म्हणाल्या, "अहो, ओरडता कशाला?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कळलं होतं की हा माणूस ओरडतो. काका असे ओशाळले की बघवेना. त्यांनी हळू बोलायचा प्रयत्न केला, पण आवाज कुठे ठेवायचा हेच त्यांना समजेना. शेवटी काकूंनीच तोडगा काढला. नवरा बोलायला लागला की त्या मशीन काढून डबीत ठेवायच्या. "यांचं मला बिनमशीनचंच बरं कळतं," म्हणायच्या. मशीन घालायच्या ते माझ्या गप्पा ऐकायला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला.

त्या काकू गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि परत आल्याच नाहीत. किती साधी बाई, जातानाही कुणाला त्रास दिला नाही.

तेव्हापासून काकांचा आवाज बसला. घसा ठीक होता, पण मोठ्यानं बोलायला घरात कारणच उरलं नव्हतं. भाजीवाल्यापुढे उभे राहून "मेथी" म्हणायचे आणि तो "काय?" विचारायचा. पोरं जिन्यात दंगा करायची, वरून उत्तर यायचं नाही. मी दोन पोळ्या आणि भाजी नेऊन द्यायचे, ते मान हलवायचे.

आणि तेरावं होतंय न होतंय तोच तो फोन आला. मी ताट ठेवायला गेले होते. काकांना फोन कानाशी धरायची सवय नव्हती, स्पीकरवर टाकूनच बोलायचे, म्हणून सगळं मला ऐकू आलं. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, शैलजा मॅडम आहेत का?"

"नाहीत," काका म्हणाले.

"ओके सर. कधी येतील?"

काकांनी दाराकडे बघितलं. मग फोन खाली ठेवला.

त्या मुलीची चूक तरी कशी म्हणायची? आपल्या भाषेत माणूस बाजारात गेलं तरी 'नाही' आणि कायमचं गेलं तरी 'नाही'. ऐकणाऱ्यानं आवाजावरून ओळखायचं असतं. पण हेडफोन लावून समोरच्या यादीतल्या पुढच्या नावाकडे बघणाऱ्या पोरीला आवाज कुठला ऐकू यायला? तिनं आपलं टिपून ठेवलं असणार, मॅडम बाहेर गेल्यात, पुन्हा फोन करणे. आणि पुन्हा फोन आला. या वेळी दुसरी मुलगी, "मॅडमचं फ्री चेकअप ड्यू आहे, सर."

"ती गेली," काका म्हणाले.

"कुठे गेल्या, सर? आउट ऑफ स्टेशन? नो प्रॉब्लेम, मी नेक्स्ट वीकमध्ये कॉल करते. आल्या की सांगा हं त्यांना!"

मला अस्सा राग आला! कुणाला ऐकू येत नाही म्हणून मशीन विकायचं, आणि मग त्याच माणसाला फोन करून विचारायचं, ऐकू येतं का. वर तो माणूस जगात नाही. मी काकांना म्हटलं, "अहो, स्पष्ट सांगून टाका ना. वारल्या म्हणा, मेल्या म्हणा. त्या मेल्यांना आडवळणाचं कळत नाही."

"तिच्याबद्दल तो शब्द मी काढलेला नाही," काका म्हणाले. "काढणार नाही."

मग आम्ही जे जे सुचेल ते केलं. नंबर ब्लॉक केला, तर दुसऱ्या नंबरवरून फोन. मुलानं डीएनडी का काय ते करून दिलं. त्यावर तिकडून एक साहेब मोठ्या समजुतीनं म्हणाले, "सर, डीएनडी जाहिरातींना असतं. मॅडम आमच्या कस्टमर आहेत, हा सर्व्हिस कॉल आहे." काकांनी विचारलं, नाव काढायचं तर काय करायचं. साहेब म्हणाले, "संमती मॅडमनी दिलीय ना सर, मग रद्दही त्यांनीच करायला लागेल. दोन मिनिटं देता का त्यांना फोन?"

काका म्हणाले, "देतो," आणि फोन तसाच चालू ठेवून देवघरात काकूंच्या फोटोपुढे नेऊन ठेवला. तिकडून साहेब "हॅलो मॅडम, हॅलो" करत राहिले. मला हसू आलं आणि लगेच भडभडून आलं. काका म्हणाले, "आयुष्यभर ऐकलं नाही तिनं. आता यांचं ऐकणार?"

पण ही गंमत एकदाच झाली. त्यांना खरं काय होत होतं ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं, आपणहून, आणि त्यांच्या मानानं फार लांब बोलले. "फोन येतो त्याचं काही नाही गं. पण 'कधी येतील' म्हणून विचारतात, आणि मी दाराकडे बघतो. दर वेळी. अर्धा क्षणच, पण खरंच वाटतं की आत्ता येईल. मग कळतं. मला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून कळतं, सुनंदा." एवढं बोलून ते पोळीला तूप लावत बसले. मी घरी आले आणि कणकेवर राग काढला.

"नंबर तरी बदला," मी सुचवलं होतं. तेही त्यांनी मानलं नाही. "तिला एवढाच पाठ होता. ऐकू येत नाही, कुठे हरवली-बिरवली तर कुणाला सांगता यावा म्हणून मी घोकून घेतला होता तिच्याकडून." नंबर राहिला.

शेवटी मीच म्हटलं, चला, तोंडावर जाऊन सांगू. डबे लवकर आटपले आणि काकांना रिक्षात घालून स्वारगेटला गेले. सेंटर छान गारेगार होतं. भिंतीवर हसणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो, आणि खाली खुर्च्यांवर न हसणारे आपले म्हातारे, आपापल्या नंबराची वाट बघत. काउंटरवरची मुलगी वर्ध्याकडची होती, बोलण्यावरून लगेच कळलं. पोरगी गुणी. काकांचं ती वाकून वाकून ऐकत होती, कारण काकांचा आवाज आता तिथवरही पोचत नव्हता.

"नाव काढा," काका म्हणाले. "शैलजाचं."

"काढते ना काकाजी, त्यात काय एवढं? फक्त काकूंना घेऊन या एकदा. त्यांनी सांगितलं की झालं."

"ती येणार नाही."

"का हो? चालणं होत नाही का त्यांचं? मग आमचा माणूस घरी पाठवते की जी. होम व्हिजिट फ्री आहे."

मी तोंड उघडणार होते. काकांनी हातानं मला थांबवलं. त्यांनी दोन्ही हात काउंटरवर टेकवले, आणि इतके महिने कुठे दडून बसला होता कोण जाणे, तो आवाज बाहेर आला.

"मेली!"

सगळं सेंटर हललं. काचेपलीकडे कुणाच्या तरी कानाची तपासणी चालू होती, तो माणूस कानावरची यंत्रं काढून उठून उभा राहिला. खुर्च्यांवरचे झाडून सगळे वळले, कानात मशीन असलेलेही आणि नसलेलेही.

"माझी बायको मेली! ऐकू आलं?"

सगळ्यांना ऐकू आलं होतं. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मला कोणी सांगितलंच नाही, काकाजी," ती म्हणाली, आणि खरंच, कोण सांगणार होतं तिला? आतून टायवाले मॅनेजर धावत आले. काकांच्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द तोडून, मोठ्यानं म्हणाले, "सर! शांत व्हा! पाणी घ्या!" त्या पोरीनं आमच्यासमोर नाव काढलं. "यापुढे काही विचारायचं असेल तर मला विचारा, यांना त्रास नको," असं बजावून मी माझा नंबर देऊन आले.

येताना रिक्षात काका बाहेर बघत होते. मार्केट यार्डाच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "म्हणायला लावलं." जरा वेळानं परत तेच, "म्हणायला लावलं मला." घरी आल्यावर गॅस संपलेला, आणि तोंडाशी आलेला नेहमीचा शब्द मला काही केल्या उच्चारता आला नाही. तेव्हापासून तो माझ्या तोंडातून गेलाच.

फोन बंद झाले. काका जरा जेवू लागले. एकदा तर जिन्यातल्या पोरांना वरून "चपला!" म्हणून दटावलंही, आणि पोरं अशी खूश झाली की उगीचच आणखी दंगा घालत बसली. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

मग एका सकाळी मी ताट घेऊन गेले, तर फोन स्पीकरवर चालू होता आणि काका समोर बसून शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. "वसंतराव सर, तुम्ही आमच्या सेंटरला व्हिजिट केली होती. आमच्या मॅनेजर सरांनी नोटिस केलं की तुमचा आवाज खूप लाऊड आहे. काय असतं सर, स्वतःला कमी ऐकू येतं ना, तेव्हा माणूस मोठ्यानं बोलतो आणि त्याला ते समजत नाही. तुमचंही एक चेकअप करून टाकू या का? तुम्ही आमचे जुने कस्टमर, तुम्हाला स्पेशल ऑफर आहे."

काकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि हसले. काकू गेल्यापासून पहिल्यांदा हसले, पण असं हसू वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. "शैलजाचं नाव काढलं," ते म्हणाले, "आणि माझं घातलं."

ज्या माणसानं बायकोला ऐकू यावं म्हणून जन्मभर घसा फोडला, त्यानं तिच्यामागे एकदाच काय तो असा आवाज चढवला, तोही काळीज फाटलं म्हणून. त्यात या लोकांना गिऱ्हाईक दिसलं! मी फोन लावला, शिव्या घातल्या, तिकडची मुलगी म्हणाली, "युअर फीडबॅक इज इम्पॉर्टंट, मॅडम." कुठल्या दगडावर डोकं आपटायचं?

त्यानंतर काकांनी फोन उचलणंच सोडलं. बंदही करायचे नाहीत, बदलायचेही नाहीत. तो वाजायचा, ते बसून राहायचे. मुलाला बोलायचं असलं की तो माझ्याकडे फोन करायचा. आमच्या मजल्याला त्या वाजण्याची सवय झाली. वाजला की कुणी ना कुणी म्हणायचं, "मशीनवाले."

त्या दुपारीही फोन खूप वाजला. थांबायचा, पुन्हा वाजायचा. काकांचं दार लोटलेलं होतं, म्हणजे झोपले असतील. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातून विचारलं, मी म्हटलं, मशीनवाले असतील, त्याही म्हणाल्या, असतील. तो त्यांचा मुलगा होता. जेवणाच्या सुट्टीत आधी सहज माझ्याकडे केला होता, मी उचलला नाही म्हणून थेट काकांना लावत होता. माझा फोन पिठाच्या डब्यामागे चार्जिंगला, मला ऐकूच आला नव्हता. हिंजवडीहून गर्दीतून वाट काढत तो संध्याकाळी पोचला. काका खुर्चीतच होते, तोंड दाराकडे. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालंय, कुणी फोन उचलला असता तरी उपयोग नव्हता. डॉक्टर चांगले आहेत, म्हणून तसं म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय, पण आता फोन वाजला की दुसरी रिंग होऊ देत नाही.

मुलानं घर आवरलं. मशीनची डबी मला विचारून फेकून दिली, शंख माझ्याकडे ठेवून गेला. तो नंबरही त्यानं बंद करून टाकला. समोरच्या दाराला कुलूप लागलं. जिन्यात पोरं बिनधास्त दंगा करतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. मीच कधीतरी दटावते, पण माझ्या आवाजाला कोण भितं?

परवा मी पोळ्या लाटत होते. दार नेहमीसारखं उघडं होतं. फोन आला, अनोळखी नंबर, म्हटलं डब्यासाठी कुणीतरी नवीन असेल. कोपरानं स्पीकर चालू केला.

"मॅडम, वसंतराव सरांचा नंबर लागत नाहीये. त्यांच्या रेकॉर्डला तुमचा नंबर आहे. सर आहेत का?"

इतके दिवस मी याच फोनची वाट बघत होते. काय काय सुनवायचं ते सगळं ठरलेलं होतं. काकांना मी किती वेळा सांगितलं होतं, स्पष्ट बोला, एका शब्दाचं काम आहे. तो शब्द तर जन्मभर माझ्या जिभेवर खेळला. मी तोंड उघडलं, आणि तो काही केल्या बाहेर येईना.

"नाहीत," मी म्हणाले.

"ओके मॅडम. कधी येतील?"

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. मी मान वर केली आणि समोरच्या दाराकडे बघितलं.